कळकलेले मेण

खुर्सीपारला काकूंच्या परसात मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी हा नाद लावून घेतला. मध काढायचा दिवस म्हणजे घरात सणच. नात पोळ्याचा तुकडा मेणासकट चघळत फिरते.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी जुनी काळी पोळी वितळवायला माळ्यावरचे पितळी पातेले काढले. मेण जेमतेम ६४ अंशांवर वितळते, मंद आच पुरते. गार झालेली वडी उलटी केली तर तळाशी हिरवट झाक!

"अहो, हे कळकलं की!" काकू म्हणाल्या.

काका हसले. कळकते ते ताक, चिंचेचे सार. मेण कसे कळकेल? पण काकूंचेच खरे होते. मेणात मुळातच थोडी आम्ले असतात. तांब्या-पितळेशी गाठ पडली की ते हिरवट होते, लोखंडाने तपकिरी. म्हणून तर जाणते मधपाळ स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरायला सांगतात. रंग बदलला हे एका परीने बरेच, निदान दिसते तरी. खरी धास्ती शिशाची. जुन्या डब्यांच्या झाळलेल्या सांध्यांत, कल्हईच्या भेसळीच्या कथलात ते असू शकते, आणि मेणात उतरले तर नुसत्या डोळ्यांना कळायचे नाही. लहान मुलांना शिसे इतके-इतके चालते, अशी कुठलीही सुरक्षित मात्रा जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही.

शिवाय मेण कधी वाया जात नाही. जुने पोळे वितळवायचे, षट्कोनी ठसे उमटवून मेणपत्रे करायचे, ते चौकटीत बसवायचे. माश्या त्यावरच घरे उभारतात. जुने झाले की पुन्हा आचेवर. या फेऱ्यांत धातू काही उडून जात नाही. बाजारातल्या स्वस्त पत्र्यात कोणाकोणाच्या पातेल्यातले मेण असेल, कोण सांगणार?

माश्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेण काढतात. किलोभर मेणापायी सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा अंदाज सांगतात. वडी टाकायला काकांचा जीव होईना. दोन दिवस घरात अबोला. शेवटी काकूंनी नातीला पुढ्यात बसवले. "हिला चघळायला द्याल?"

वडी बाद झाली.

यंदा चौकटींत पूर्ण पत्रा नाही. मध काढताना कापलेल्या पांढऱ्या झाकणांच्या मेणाची बोटभर पट्टी तेवढी, बाकीचे पोळे माश्यांनी स्वतः बांधायचे. मध कमी निघाला. पितळी पातेल्यात काकूंनी शेवंती लावली आहे.