मंडपातला आवाज

विश्रांतवाडीच्या चौकात प्रल्हाद शिंदे वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतात. एकदा १४ एप्रिलच्या आसपास, भीमजयंतीला. चौकाला नावच मुकुंदराव आंबेडकरांचं. त्या दिवसांत निळ्या झेंड्यांखालून वाट काढत जावं लागतं. आणि दुसऱ्यांदा ज्येष्ठ वद्य नवमीला. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघी, कळस मागे टाकून याच रस्त्यानं येते आणि फुलेनगरवरून पुण्यात शिरते. रस्त्याच्या कडेला केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा वाटणारे मंडप उभे राहतात आणि पंढरीच्या वाटेचं ते गाणं सकाळपासून वाजत राहतं. दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठकांची चाल आणि प्रल्हाद शिंदेंचा गळा. वारकरी ते ऐकायला थांबत नाहीत, त्यांच्या मुखी त्यांचे अभंग असतात. पण पाय त्या ठेक्यात पडताना मी पाहिले आहेत.

एप्रिलमध्ये भीमराव, ज्येष्ठात विठुराया. आंबेडकरी घरातल्या माणसानं विठ्ठल का गायला, हा प्रश्न लोक अजून विचारतात. मला तो प्रश्न कधी पडला नाही. शिंदेंचं घराणं मूळचं मंगळवेढ्याचं, आणि मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव. गावकुसाची भिंत बांधता बांधता ती अंगावर कोसळून चोखोबा गेले ते तिथेच. त्या मातीतल्या माणसाला विठ्ठल कुणी शिकवावा लागत नाही आणि बाबासाहेबही शिकवावे लागत नाहीत. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. आज जे प्रल्हाद शिंदे आपल्याला ऐकू येतात ते जवळजवळ सगळे स्टुडिओतले. मंडपातले प्रल्हाद शिंदे कुठे गेले?

तबकडीवरचा आवाज आधी नीट ऐकू या, कारण तोही लहानसहान नाही. टाळ वाजतो, मृदंग चालू लागतो आणि मग तो आवाज येतो. उघडा, खडा, कपाळातून निघाल्यासारखा. त्यात हरकती फार नाहीत. शब्द अख्खा उच्चारायचा, मोडायचा नाही, आणि ओळीच्या शेवटचा स्वर मोकळा सोडून द्यायचा, एवढंच. श्वास कुठे घेतला ते कळत नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून ध्रुपद, अंतरे आणि मधले वाद्यांचे तुकडे मोजून मापून बसवलेले. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. अशा शिस्तीत गायक स्वतःला आवरून गातो, आणि प्रल्हाद शिंदेंच्या आवरण्यातही केवढं बळ आहे! धरणाच्या भिंतीला हात लावल्यावर पलीकडचं पाणी जाणवावं, तसं त्या तीन मिनिटांत मला काहीतरी सारखं जाणवत राहतं.

ते पलीकडचं पाणी मंडपात, कव्वालीच्या पार्टीत मोकळं व्हायचं.

कव्वालीची पार्टी म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. दोन टेबलं जोडून किंवा बांबू-फळ्यांचा केलेला स्टेज, त्यावर सतरंजी. मध्ये पेटी घेऊन गायक, शेजारी बेंजो, ढोलक, मागे टाळी देणारे कोरसवाले. खांबांना बांधलेले भोंगे. कार्यक्रम दहाला म्हटला की अकराला सुरू होणार. आधी वंदना, मग बाबासाहेबांवरचं एखादं संथ गीत, तोवर बायका भांडीकुंडी आवरून पोरांना घेऊन येऊन बसलेल्या. बाराच्या पुढे खरी रात्र चढायची. गायक एक ओळ टाकणार, ती पाच-सहा वेळा फिरवणार, मध्येच थांबून एखादा शेर, एखादा किस्सा, समोरच्या पार्टीला एखादा सवाल. मग तीच ओळ, पण आता तिचा अर्थ बदललेला. कुणीतरी उठून पाचाची, दहाची नोट पेटीवर ठेवणार, माइकवरून त्याचं नाव पुकारलं जाणार, त्याच्या नावाची ओळ गायक जागच्या जागी जुळवणार. गाणं अर्धा तास चालायचं. ते गाणं एकट्या गायकाचं उरायचंच नाही. दिवसभर बिगारी करून, झाडू मारून, कारखान्यात उभं राहून आलेली माणसं ते त्याच्याकडून काढून घ्यायची.

माझ्याकडे अशा एका रात्रीची कॅसेट आहे. गायक प्रल्हाद शिंदे नाहीत. येरवड्याकडच्या एका स्थानिक पार्टीचा माणूस, त्याचं नाव लेबलावरून पुसलं गेलं आहे. नव्वद मिनिटांची कॅसेट. पट्टीवर पांढरी बुरशी धरली होती आणि आतला स्पंजचा तुकडा सुटून खाली पडला होता. दुसऱ्या कॅसेटचा स्पंज काढून बसवला तेव्हा ती वाजली. टेपरेकॉर्डर बहुधा भोंग्याखालीच ठेवला असावा, कारण वरची पट्टी लागली की आवाज फाटतो. जनरेटरची घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. एक लहान मूल रडतं, त्याची आई त्याला चापटी मारते आणि ते आणखी रडतं. दुसऱ्या बाजूला, साधारण मध्यावर, गायकाचा आवाज बसतो. अगदी बसतो, वरचा स्वर येतच नाही. तो पेटीवर नुसता सूर धरून ठेवतो. दोन क्षण जातात. आणि खालून बायका ती ओळ उचलतात. एक, मग चार, मग सगळा मंडप. गायक पुन्हा त्यांच्यात मिसळतो तेव्हा तो गात नाही, रडतो आहे की हसतो आहे कळत नाही. स्टुडिओत हा टेक कचऱ्यात गेला असता. माझ्या घरातल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

एका अनाम गायकाच्या रात्रीत हे घडत असेल, तर प्रल्हाद शिंदेंच्या रात्री काय असतील? ज्यांनी त्या ऐकल्या ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. ते सांगायला लागतात आणि थांबतात. हात वर करून आवाज कुठवर जायचा ते दाखवतात.

सातासमुद्रापार अमेरिकेत, काळ्या लोकांच्या सोल संगीतात याच्या अगदी जवळची एक गोष्ट आहे. सॅम कुक हा धर्मोपदेशकाचा मुलगा, चर्चमध्ये गॉस्पेल गाऊन मोठा झालेला. त्याच्या स्टुडिओतल्या गाण्यांत आवाज रेशमासारखा. गोऱ्या घरांतूनही ती तबकडी लागायची. १२ जानेवारी १९६३ च्या रात्री मायामीतल्या काळ्यांच्या वस्तीत, हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये तो गायला आणि कंपनीनं ते मुद्रित केलं. त्या रात्री रेशीम कुठेच नव्हतं. घसा खरवडलेला, लोक ओरडताहेत, तो त्यांना आणखी ओरडायला लावतो आहे. हे फार रांगडं आहे, यानं कुकची प्रतिमा बिघडेल, असं कंपनीला वाटलं. फिती कुलपात गेल्या. १९६४ च्या डिसेंबरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सॅम कुक गोळी लागून गेला. ती रात्र जगाला ऐकायला मिळाली थेट १९८५ साली. आज त्याच्यावर प्रेम करणारे आधी तीच लावतात.

त्यांच्याकडे निदान कुलूप होतं आणि कुलपात काहीतरी होतं. अरेथा फ्रँकलिननं १९७२ साली लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये गॉस्पेल गायलं तेव्हा ध्वनिमुद्रणाची यंत्रं होती, चित्रपटाचे कॅमेरे होते. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव तिकडच्या ब्लॅक पँथरांवरून घेतलेलं. वस्त्यावस्त्यांतून रात्ररात्र गाणी होत होती. तिथे कुठल्या कंपनीची गाडी आली नाही. भीमगीतांच्या तबकड्या निघाल्या, पुढे कॅसेटी तर ढिगानं निघाल्या, हे खरं. पण त्याही स्टुडिओतल्याच. त्यांत शब्द आहेत, चाल आहे, समोरून येणारं उत्तर नाही. आणि भीमगीताचा निम्मा जीव त्या उत्तरात असतो. ‘जयभीम’ हा शब्दच मुळी एकट्यानं म्हणायचा नाही.

म्हणून मी तबकडीला कमी लेखतो असं नाही. जी माणसं कधी आमच्या वस्तीच्या मंडपात पाऊल टाकणार नव्हती, त्यांच्या माजघरापर्यंत तो आवाज तबकडीनं नेला. ज्या घरांत आमच्या माणसाला वेगळा कप होता, त्या घरांत रोज सकाळी देवपूजेच्या वेळी प्रल्हाद शिंदे लागायचे. कप वेगळा आणि आवाज देवघरात. हे मंडपाला जमलं नसतं. पण त्या घरांना अर्धाच माणूस मिळाला, हात जोडलेला. मूठ वळलेला, हसणारा, समोरच्या पार्टीला खिंडीत गाठणारा, पहाटे चार वाजता घसा सोलून निघालेला असताना बाबासाहेबांचं नाव वरच्या सुरात नेऊन ठेवणारा माणूस त्यांना कळलाच नाही. आणि आता आमच्या पोरांनाही कळणार नाही, कारण त्यांच्या मोबाइलवरही तोच अर्धा आहे.

२००४ हे साल आमच्या गाण्याला फार जड गेलं. १५ मेला वामनदादा कर्डक गेले. चाळीस दिवस व्हायच्या आत, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. लिहिणारा गेला आणि पाठोपाठ गाणारा गेला. त्या उन्हाळ्यात वस्तीतल्या थोरांचे चेहरे घरातलं माणूस गेल्यासारखे झाले होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम कडक झाला. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला झोप हवीच, त्या नियमाशी माझं भांडण नाही. पण जी कला बाराच्या पुढे उमलायची तिचा गळा दहाला मिटला, हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं. सवाई गंधर्व महोत्सवाची पहाट याच नियमानं गेली. तिच्यावर पुण्यात पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते योग्यच आहे. फुलेनगरच्या, नागपूर चाळीच्या पहाटेवर कुणी लिहिलं?

मंडपातलाच आणखी एक आवाज, शाहीर विठ्ठल उमप, २०१० च्या २६ नोव्हेंबरला नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले आणि गेले. ज्यांचं सगळं आयुष्य लोकांसमोर गेलं, त्यांचा शेवटही लोकांसमोर झाला. मला ते दुःखाचं वाटतं आणि रास्तही वाटतं.

प्रल्हाद शिंदेंचं घर अजून गातं आहे. आनंद आणि मिलिंद या त्यांच्या मुलांनी मंच सोडला नाही, नातू आदर्श सिनेमात पोचला. त्याच्या गळ्यात कधीमधी आजोबांचा मोकळा सोडलेला शेवटचा स्वर ऐकू येतो आणि अंगावर काटा येतो. पण एकाच्या गळ्यातून दुसऱ्याची रात्र परत येत नाही. जयंतीला आता डीजेच्या भिंती लागतात. पोरं नाचतात, त्यांचा आनंद खराच आहे. फक्त त्या भिंतींना समोरच्याचं उत्तर ऐकू येत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी विश्रांतवाडीत, धानोरीत, येरवड्यात, फुलेनगरात किंवा आणखी कुठेही ज्यांच्या माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत जुन्या कॅसेटी पडल्या असतील त्यांना हात जोडून सांगणं आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारवाल्याला देऊ नका. बुरशी लागलेली पट्टीही जाणकाराच्या हातात वाजते. ती संगणकावर उतरवून घ्या, आणि कुठली वस्ती, कुठलं साल, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्यावर लिहा. हे यंदाच करा. सांगणारी माणसं थोडी उरली आहेत.