न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

पुण्यातल्या धायरीत माझ्या दिरांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, मागच्या बाजूला जुना पेंट बूथ, दोन डेंटर आणि एक वयस्कर पेंटर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. बँकेतली नोकरी सोडून मी घरी बसले तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कॉम्प्युटर येतो. गिऱ्हाईक आणायचं तेवढं बघा." एवढ्यावर मी मार्केटिंग खात्याची प्रमुख झाले. खात्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मला वाटलं, नवले पूल जवळच, वर नवीन कात्रज बोगद्याकडून येणारा तो अपघातांचा उतार. इथं गिऱ्हाईक शोधायचं कशाला? भाऊजींनी समजावलं. मोठ्या अपघातातली गाडी क्रेनला लागून थेट कंपनीच्या वर्कशॉपला जाते, कारण विम्याचं कॅशलेस तिथं चालतं. आपल्याकडे येतो तो पार्किंगच्या खांबाला घासलेला बंपर, नाहीतर दुचाकीच्या हँडलनं दारावर ओढलेली रेघ. आता खांबाला कोण कधी घासणार हे मला कसं कळावं? आणि ज्याची गाडी धडधाकट आहे त्याला पत्रक देऊन काय सांगायचं, "पोचा पडला की या"? हे ऐकायला शकुनाचं नाही. तरी पत्रकं छापली, पेपरवाल्याकडून वाटली. गणेश मंडळाच्या अहवालात पाव पान घेतलं. त्यातून मंडळाशी ओळख वाढली, गाड्या काही वाढल्या नाहीत.

मग गूगलच्या नकाशावर गॅरेज चढवलं. फोन येऊ लागले. पंक्चर काढता का, एसीत गॅस भरता का, आणि सगळ्यात जास्त, "मॅडम, आम्ही तुम्हाला पहिल्या पानावर आणतो, वर्षाचं पॅकेज आहे." भाऊजींना कल्पना सुचली की पाच तारे देईल त्याला पॉलिश फुकट. मी नियम वाचले. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं गूगलला चालत नाही. आणि साधे, न मागता दिलेले रिव्ह्यू तर कुणी लिहीतच नव्हतं. काम आवडलेला माणूसही हसून पैसे देऊन निघून जायचा.

का, ते एका गिऱ्हाइकानं सांगितलं. त्यांच्या गाडीचे आधीचे-नंतरचे फोटो मी मोठ्या हौसेनं टाकले होते, तासाभरात फोन आला, "ताई, काढा ते. उद्या गाडी विकायची झाली तर?" हॉटेलात जेवलेला माणूस चारचौघांत सांगतो. गाडीचा पत्रा ठोकून घेतलेला माणूस ते लपवतो. आणि आमचं काम चांगलं झालं याचा अर्थच मुळी हा की ते दिसू नये. चाचा रंगाचा कोड दाराजवळच्या स्टिकरवरून घेतात, तरी तसाच वापरत नाहीत. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग उतरलेला असतो, म्हणून थेंबाथेंबानं छटा जुळवतात आणि शेजारच्या पॅनलवर फिकी करत नेतात. मोत्यासारखा पांढरा असेल तर तीन थर. एवढं करून फोटोत काय दिसतं? एक पांढरी गाडी. शेजारच्या फोटोतही पांढरीच गाडी. हे विकायचं कसं, हा प्रश्न मला रात्री सुद्धा पडायचा.

झालेलं काम दाखवता येत नाही, पण होत असलेलं दाखवता येतं, हे हळूहळू लक्षात आलं. लोकांची भीती रंगाची नसतेच. आत पत्रा नीट ओढला की नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, थापली, ही असते. म्हणून आता ज्याची गाडी त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फोटो जातो: उघडा पत्रा, त्यावर लांबीचा पातळ हात, प्रायमर, मग रंग. नंबरप्लेट झाकून. काउंटरवर एक चुंबक ठेवलंय. दारावर, फेंडरवर लावून बघा म्हणते. जिथं लांबी जाड, तिथं ते पकड सोडतं. (बंपर प्लास्टिकचा, तिथं चुंबकाचं काही चालत नाही, हेही सांगावं लागतं.) दुसऱ्या गॅरेजातून आलेल्या गाड्यांवरही लोक ते फिरवून बघतात. भाऊजींना हा आगाऊपणा वाटतो, मला नाही वाटत.

आणखी एक गोष्ट बँकेतल्या सवयीनं केली. बंपर रंगवायला आलेला प्रत्येक जण विचारतो, "क्लेममध्ये बसवा ना." मी कागद घेते. समजा बिल 4,500. एकत्रित बिलात रंगाच्या कामाचा पाव हिस्सा साहित्याचा धरतात आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं संरक्षण, नसेल तर त्याचा अर्धा कापतात, म्हणजे सुमारे 560 रुपये. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट 1,000. हातात येतात 2,940च्या आसपास. आणि पाच वर्षं क्लेम न करता मिळवलेला 50 टक्के नो क्लेम बोनस जातो. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी 8,000 असेल तर पुढच्या वर्षी 4,000 जास्त भरायचे, शिवाय बोनस पुन्हा 20 टक्क्यांपासून चढवायचा. हे ऐकून काही जण खिशातून पैसे देतात, काही जण "नंतर येतो" म्हणून जातात. पण जे जातात तेच पुढे मेहुण्याला, शेजाऱ्याला पाठवतात. आम्हाला सगळ्यात जास्त गाड्या आज या कागदानं मिळतात. पत्रकं मी बंद केली.

तेव्हा तुमच्या गाडीला पोचा पडला असेल तर क्लेम टाकण्याआधी पॉलिसी काढा, बोनस किती टक्के आहे, बोनस वाचवणारं संरक्षण घेतलंय का ते बघा आणि हा हिशेब एकदा मांडा. मग गाडी कुठल्याही गॅरेजला न्या, धायरीलाच आणली पाहिजे असं नाही.