बिर्याणी कधी, आणि नावातलं ‘बी’

रमजान लागला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "पाणीसुद्धा नाही?" कार्यालयातले एक सहकारी गेली अकरा वर्षं हा प्रश्न दर वर्षी त्याच आश्चर्यानं विचारतात आणि मीही दर वर्षी नव्यानं सांगतो, "नाही, पाणीसुद्धा नाही." मग ते कपाळाला हात लावून म्हणतात, "आमच्यानं नाही बुवा होणार." त्यांचा चतुर्थीचा उपास असतो त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मात्र ते आवर्जून माझ्यापुढे सरकवतात. चार घास खातो. खिचडी चांगली असते.

रोजे संपत आले की दुसरा प्रश्न येतो, "मग, बिर्याणी कधी?" रमजान ईदला आमच्याकडे शीरखुर्मा होतो, हे एव्हाना साऱ्या महाराष्ट्राला माहीत असायला हरकत नाही. पण मुसलमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हंडीच येते. आमच्या सोलापूर भागातल्या घरात एरवी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि पातळ आमटी असते, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. आपण त्याला फसवलं की काय, असं वाटायला लागतं.

आणि तिसरं ते नेहमीचं वाक्य, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" हे न ऐकलेला मराठी मुसलमान मला अजून भेटलेला नाही. एकेकाळी या वाक्यावर मी यादीच म्हणून दाखवायचो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, शाहीर अमर शेख आमच्या बार्शीचे, १९९० साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते, वगैरे. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "ते खरंच, पण तुमचं मराठी खरोखर छान आहे हं." हल्ली मी फक्त "तुमचंही छान आहे" एवढंच म्हणतो. काही जण हसतात, काही जण थोडे गोंधळतात आणि बोलणं पुढे सरकतं.

आता खरं सांगायचं तर आमच्या घरातली भाषा म्हणजे एक खिचडीच आहे. रागावणं दखनीत, हिशेब मराठीत, आणि लहान पोराला झोपवताना दोन्ही. त्यामुळे ‘तुमची मातृभाषा कोणती’ या रकान्यापाशी मी दर वेळी पेन घेऊन थोडा थांबतो. पण ते जाऊ दे.

या साऱ्याचा त्रास होतो का? होतो. चपलेत खडा गेल्यासारखा होतो. पण खडा काढून टाकला की पाय चालू लागतो. संध्याकाळी घरी आल्यावर मी साधा हिशेब करतो : आज आपलं गेलं काय? पैसा गेला का, कामाचा दिवस गेला का, कागद अडला का, छप्पर गेलं का? यांतलं काही गेलं नसेल तर ती कटकट. बायकोला सांगायची, दोघांनी हसायचं आणि सोडून द्यायची.

शिवाय कटकटीच्या मागे काय आहे, तेही बघावं लागतं. एक जण मला दर वर्षी "मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा" असा निरोप पाठवतात, फुलांच्या चित्रासकट. मोहरमच्या दहा तारखेला करबलाच्या मैदानात इमाम हुसेन शहीद झाले. इसवी सन ६८० ची गोष्ट. त्या दिवशी शुभेच्छा कसल्या द्यायच्या? मी चरफडलो होतो. पण हे गृहस्थ मूळचे सांगली जिल्ह्यातले. तिकडे कडेगावात उंचच उंच ताबूत निघतात आणि ते हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ते पाहिले आहेत. त्यांच्या लेखी मोहरम म्हणजे ताशा, गर्दी आणि भेटीगाठी. म्हणजे ज्या दिवसाबद्दल मी त्यांना शिकवायला निघालो होतो, त्या दिवसाची त्यांची आठवण माझ्याइतकीच जुनी होती. आता निरोप आला की मी "सलाम" असं उत्तर पाठवतो. फुलं काही थांबलेली नाहीत.

इथपर्यंत ठीक आहे. माझं बिनसतं ते पुढे. असं काही सांगितलं की लोक, आपलेही आणि बाहेरचेही, लगेच म्हणतात, "एवढ्या तेवढ्या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत." आमच्यातली वडीलधारी मंडळी ‘सब्र’ हा शब्द वापरतात. सब्र मलाही मान्य आहे. पण गोष्ट एवढीशी आहे की नाही, हे ठरवायचं कुणी? एका घरमालकानं फोनवर भाडं, अनामत, सगळं ठरवलं आणि आडनाव ऐकल्यावर विचारलं, "मुलाणी म्हणजे?" मी सांगितलं. संध्याकाळी दलालाचा फोन आला की मालकांचा भाचा राहायला येतोय. तेही तसं दोन शब्दांचंच बोलणं होतं, आवाजही न चढवता झालेलं. पण त्यात छप्पर गेलं. ते ‘बिर्याणी कधी’च्या रांगेत बसवायला मी तयार नाही.

आणि काही गोष्टी तर सुरुवातीला अगदी कटकटीसारख्याच दिसतात. नावाचंच घ्या. आमच्या नावांचे हाल काय सांगावेत! मेहबूबचा महेबूब होतो, मेहेबूब होतो. शेखचा शेक होतो आणि एकदा लग्नाच्या पत्रिकेवर चक्क शेखर झाला होता. बायकांच्या नावातलं ‘बी’ कधी जोडून येतं, कधी तोडून, कधी येतच नाही. त्यात आधारवर नाव इंग्रजीत आणि मराठीत असं दोनदा असतं, आणि दोन्हीकडे सारखं उतरेलच असं नाही. आम्ही यावर हसतो. माझ्या चुलत भावाकडे स्वतःच्या नावाची चार रूपं आहेत, तो त्यांना चार भाऊ म्हणतो.

माझ्या खालूंचा इंतकाल झाला तेव्हा मात्र हे हसणं थांबलं. ते एका शाळेत शिपाई होते. निवृत्तिवेतन मिळत होतं, ते आता खालाच्या नावावर व्हायचं होतं. सेवापुस्तकात बायकोचं नाव ‘हलीमाबी’, आधारवर ‘हलीमा’, बँकेच्या पुस्तकात ‘हलीमा बेगम’. बाई एकच, नवरा एकच, पत्ता एकच. पण खिडकीपलीकडे त्या तीन बायका होत्या. साहेब म्हणाले, "किरकोळ आहे, दुरुस्त करून आणा." मी हा ‘किरकोळ’ शब्द पुढचे सात महिने ऐकला. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात नाव छापून आणलं, बँकेत अर्ज दिला. एकीकडे दुरुस्त केलं की दुसरीकडे जुनं नाव पुरावा म्हणून मागायचे. या सात महिन्यांत खालाच्या घरात एक पैसा आला नाही. तिनं कानातले गहाण ठेवले आणि आम्हाला ते ईदला कळलं, कान मोकळे दिसले म्हणून.

खाला कुणाला दोष देत नव्हती. "होतं असं, कागदाचं काम आहे," म्हणायची. तिच्या सब्रपुढे मला बोलायची सोय नव्हती. पण खिडकीपाशी मी तिच्यासारखा वागलो नाही. दर फेरीला लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तारीख टाकून घेतली. तिथल्याच एका कारकून बाईंनी शेवटी सगळे कागद एका दोऱ्यात ओवले, वर स्वतःच्या अक्षरात टिपण लिहिलं आणि फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवून सही होईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. थकीत रकमेसह पैसे जमा झाले. कानातले सुटले.

जाताना त्या बाई खालाला म्हणाल्या, "मावशी, तुमचं मराठी किती छान आहे हो." खालानं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहत होतो. मग ती त्यांना म्हणाली, "ईदला घरी या, शीरखुर्मा खायला."

"बिर्याणी नाही?" बाईंनी विचारलं.

ईदला त्या आल्या. खालानं दोन्ही केलं होतं.