लहान काय झालं?

फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम आता कुणालाही क्षणात मिळतो. प्रश्न मराठीत टाइप केला तरी यंत्र चार-पाच ओळींचं फंक्शन लिहून देतं आणि वर ओळीओळीचा खुलासा करतं. मुलं आता स्वतः काही लिहीत नाहीत, अशी हळहळ शिकवणाऱ्यांमध्ये चालू आहे. मला ती पटत नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला फॅक्टोरियल यंत्र येण्याआधीही उतरवलेलाच असायचा. आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलवरून, नाहीतर क्लासच्या नोट्समधून. त्या स्वाध्यायात उतरवण्यापलीकडे काही नव्हतं, म्हणून तो उतरवला जायचा. यंत्रामुळे एवढंच झालं की ही गोष्ट नजरेआड करण्याची सोय राहिली नाही. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाचे स्वाध्याय रचणं हे माझं काम आहे, आणि या निमित्ताने रिकर्शनचे, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याचे, जुने स्वाध्याय एकेक करून तपासताना माझं एक मत पक्कं होत गेलं. ज्या स्वाध्यायात मोठ्या उत्तराचं लहान उत्तराशी असलेलं नातं आधीच सांगून टाकलेलं असतं, तो रिकर्शनचा स्वाध्यायच नव्हे.

फॅक्टोरियलची व्याख्याच मुळी अशी लिहितात, की n चा फॅक्टोरियल म्हणजे n गुणिले त्याच्या आधीच्या संख्येचा फॅक्टोरियल. फिबोनाचीच्या प्रश्नात तर ‘मागच्या दोन संख्यांची बेरीज’ हे वाक्य छापलेलंच असतं. मग विद्यार्थ्याने काय करायचं उरतं? कंस नीट लावायचे, रिटर्न विसरायचं नाही आणि बेस केस, म्हणजे थांबण्याची जागा, वर लिहायची. ही लेखनिकाची कामं झाली. ती यायला हवीत, पण त्यांना मार्क देऊन ‘रिकर्शन आलं’ असा शेरा मारणं खोटं आहे. रिकर्शन म्हणजे ते नातं शोधणं. त्यातून फॅक्टोरियल आणि फिबोनाची ही दोन्ही साध्या लूपने जास्त सरळ होतात, हे मुलांना दिसतं. मग रिकर्शन हा परीक्षेपुरता पाळायचा विधी आहे, असं त्यांच्या मनात बसतं, आणि ते चुकीचं म्हणता येत नाही.

तीच फिबोनाचीची संख्यामाला दुसऱ्या वाटेने आणता येते. सहा मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल? लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. शाळेत वृत्तं शिकलेल्या मुलाला एवढं माहीत असतं. इथे सूत्र दिलेलं नाही. मूल आधी तऱ्हा मांडायला लागतं. चार मात्रांच्या पाच तऱ्हा सापडतात: चारही लघु, दोन लघूंच्या आधी, मध्ये किंवा नंतर एक गुरू, आणि दोन गुरू. पाच मात्रांच्या आठ तऱ्हा मांडताना एखादी सुटते, एखादी दोनदा येते. सहाला पोचेपर्यंत यादीवरचा भरवसा उडतो, आणि तेव्हाच विचारायचं असतं की ओळीतलं शेवटचं अक्षर कोणतं असू शकेल. लघु असेल तर त्याच्या आधी पाच मात्रा, गुरू असेल तर चार. म्हणून आठ आणि पाच मिळून तेरा. हा नियम छंदःशास्त्रकार हेमचंद्राने बाराव्या शतकात दिला, विरहांकाने त्याच्याही काही शतकं आधी. लिओनार्दो फिबोनाचीचा सशांचा हिशेब 1202 मधला. मी हे अभिमानापोटी सांगत नाही. सशांच्या गोष्टीतही नियम शोधता येतो, पण आपल्या पुस्तकांनी गोष्ट टाकून नुसता नियम ठेवला. मात्रांच्या प्रश्नात तो प्रश्नाच्या पोटातून काढावा लागतो. शिवाय बेस केसही इथे आयती मिळत नाही. शून्य मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येते? बहुतेक मुलं शून्य लिहितात, मग दोन मात्रांचं उत्तर एक येतं, आणि समोर तर दोन तऱ्हा दिसत असतात: दोन लघु किंवा एक गुरू. काहीच न लिहिण्याची एक तऱ्हा असते, हे त्या बेरजेनेच कबूल करायला लावलं, की बेस केस पाठ करावी लागत नाही.

पण खरी अडचण याच्या पुढे आहे, आणि ती काही केल्या सुटत नाही. आधीच्या पाच मात्रांच्या तऱ्हा घ्यायच्या, इथवर विद्यार्थी येतो आणि विचारतो, ‘पण त्या किती?’ त्या तुझ्याकडे आहेत असं धर, हे त्याला सांगावं लागतं, आणि तिथे तो अडतो. जे फंक्शन मी अजून लिहितोय ते तयार आहे असं कसं धरू? त्याची शंका अगदी रास्त आहे. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरू नये, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. या शंकेला ‘विश्वास ठेव’ हे उत्तर देणारी पुस्तकं मला आवडत नाहीत. विश्वास मागायचा नसतो, त्याला कारण द्यायचं असतं. कारण एकच आहे: आपण जे गृहीत धरतो ते मूळ प्रश्नाबद्दल नसतं, त्याहून लहान प्रश्नाबद्दल असतं, आणि लहान होत जाण्याला तळ आहे. अकरावीच्या गणितात इंडक्शन असतं, तिथेही ‘k साठी खरं मानू’ ही ओळ मुलं सवयीने लिहितात; ती का चालते हे तिथे कुणी विचारत नाही, इथे विचारावंच लागतं. म्हणून फंक्शन स्वतःला बोलावतं ही रिकर्शनची ओळख मला अपुरी वाटते. स्वतःला बोलावताना लहान काय झालं, हा प्रश्न आधी हवा.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ड्राय रन करून दाखवला की हे सगळं आपोआप समजतं. फळ्यावर स्टॅकचे चौकोन काढायचे, खाली खाली उतरायचं, तळाला पोचून उत्तरं वर आणायची. तीनच्या फॅक्टोरियलसाठी हे एकदा जरूर करावं. संगणक मधली कामं कुठे ठेवतो, हे कळायला हवं. पण समजून घेण्याची रीत म्हणून ड्राय रन लगेच निकामी होतो. फिबोनाचीचं साधं रिकर्सिव्ह फंक्शन पाचव्या संख्येसाठी 15 वेळा बोलावलं जातं, दहाव्यासाठी 177 वेळा, चाळिसाव्यासाठी 33,11,60,281 वेळा. पंधरा चौकोन फळ्यावर मावतात, 177 मावत नाहीत. म्हणजे जिथे रिकर्शनची खरी गरज सुरू होते, नेमकी तिथेच ही रीत साथ सोडते. आणि ज्याला खाली उतरायची सवय लागली, तो प्रत्येक नवा प्रश्न उतरूनच पाहतो, सातव्या-आठव्या पायरीवर हरवतो आणि रिकर्शन अवघड आहे असं ठरवून मोकळा होतो. रंगीत हलणारे स्टॅक दाखवणाऱ्यांचा याला हातभारच लागतो. चित्र सुंदर असतं, पण ज्या पायऱ्या पाहायच्याच नाहीत त्यांच्यावरच ते नजर खिळवतं.

त्यापेक्षा संख्यांची कोडी मला जवळची वाटतात, कारण दशमान पद्धतीत लिहिलेली संख्या स्वतःच एका लहान संख्येपुढे ठेवलेला अंक असते. 4937 म्हणजे 493 आणि पुढे 7. अंकांची बेरीज करायची तर 493 ची बेरीज हातात आहे असं धरून 7 मिळवायचे. इथे अडचण नाही. पण संख्या उलटी करायला सांगा. 493 उलटून 394 मिळाले, आता 7 सुरुवातीला आणायचा आहे, तो सात हजार म्हणून. हजार का? कारण 493 मध्ये तीन अंक आहेत. लहान उत्तर एकटं पुरत नाही, त्यासोबत अंकांची संख्याही लागते. मग ती मोजणारं वेगळं फंक्शन लिहायचं, की दोन्ही गोष्टी एकदम परत करायच्या? फंक्शन कशासाठी असतं, हे अशा ठिकाणी कळतं. आणि लूपवाल्यांना उत्तर द्यायचं तर 1 ते 9 हे अंक क्रमाने लिहून त्यांच्यामध्ये अधिक, उणे किंवा काहीच न घालता 100 करण्याचं जुनं कोडं आहे. 123−45−67+89 हे एक उत्तर. आठ फटी, प्रत्येकीत तीन पर्याय, एकूण 6561 मांडण्या. साध्या लूपने करायचं तर लूपमध्ये लूप असे आठ लागतात, आणि उद्या अंक कमी-जास्त झाले की सगळं पुन्हा लिहावं लागतं. रिकर्शनमध्ये एका फटीचा निर्णय घ्यायचा आणि उरलेल्या फटी लहान प्रश्नाकडे सोपवायच्या.

संख्यांच्या कोड्यांमध्ये एक मोहही आहे, आणि तो रचणाऱ्याचा असतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांची 6174 ची क्रिया कुणाला मोहात पाडणार नाही? चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा. 3524 पासून 3087, मग 8352, मग 6174, आणि पुढे तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते. प्रोग्रॅमचे फंक्शनांमध्ये तुकडे पाडायला हा स्वाध्याय फार चांगला आहे, आणि त्यात एक खाचही आहे: 2111 पासून 999 येतात, तिथे सुरुवातीचं शून्य धरलं नाही तर प्रोग्रॅम शून्यावर पोचतो, 0999 धरलं तर 8991, 8082, 8532 असा 6174 ला येतो. पण रिकर्शनचा पहिला धडा म्हणून तो देऊ नये, असं माझं मत झालं आहे. 3087 नंतर 8352 येतात. लहान काहीच झालेलं नाही. थांबायचं ते मागचीच संख्या पुन्हा आली म्हणून, आणि हीच थांबण्याची अट दोन अंकी संख्यांना लावली तर 81, 63, 27, 45, 09 अशी फेरी कधी थांबतच नाही. कोलाट्झचं कोडंही तसंच: सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. 27 पासून निघालं तर एकावर यायला 111 पायऱ्या लागतात आणि वाटेत 9232 पर्यंत चढावं लागतं. प्रत्येक संख्या एकावर येतेच, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. मॅकार्थीचं 91 चं फंक्शन तर 100 पर्यंतच्या कोणत्याही संख्येला 91 हेच उत्तर देतं, आणि ते का थांबतं हे जाणकारालाही चटकन दिसत नाही. ही कोडी मला मनापासून आवडतात, आणि ती देताना वर्ग चकित व्हावा ही माझी हौस असते, हे मी मान्य करते. चकित झालेला वर्ग आणि शिकलेला वर्ग दुरून सारखेच दिसतात. ‘लहान काय झालं’ हा प्रश्न मुरल्यावर ही कोडी त्या प्रश्नाची परीक्षा घेतात. आधी दिली तर त्यालाच सुरुंग लावतात.

दुसरा आक्षेप कामाच्या जगातून येतो: रिकर्शन कोण वापरतं? पायथॉन तर सुरुवातीलाच सुमारे हजार पायऱ्यांची मर्यादा घालतो. याला फोल्डरमधल्या फोल्डरांची आणि कंसातल्या कंसांची उदाहरणं देता येतात, पण मला पिंगलाची रीत जास्त बोलकी वाटते. छंदःशास्त्रात दोनचा घात काढायला त्याने सांगितलं: संख्या सम असेल तर निम्मी करा आणि येणाऱ्या उत्तराचा वर्ग करा, विषम असेल तर एक कमी करा आणि उत्तराची दुप्पट करा. दोनचा हजारावा घात एकेक कमी करत काढला तर पायथॉन मध्येच हात टेकतो. पिंगलाच्या रीतीने 1000, 500, 250, 125, 124 असं करत 16 बोलावण्यांत शून्यावर पोचता येतं. मर्यादा तीच, बदललं ते लहान करण्याचं धोरण. इथेच एक बारीक चूक होते. निम्म्याचं उत्तर एकदा काढून नावाखाली ठेवायचं आणि त्याचा वर्ग करायचा, याऐवजी मुलं तेच फंक्शन दोनदा बोलावून गुणाकार करतात. उत्तर बरोबरच येतं, पण बोलावणी 16 ऐवजी 2023 होतात. उत्तर बरोबर आलं की मार्क देणाऱ्या तपासणीला ही चूक कधी दिसत नाही, आणि हल्ली तपासणीही यंत्रच करतं.

मग मार्क कशाला द्यायचे? मी प्रोग्रॅमच्या आधी एक वाक्य मागते: लहान उत्तर हातात असेल तर मोठं कसं मिळेल. प्रोग्रॅम यंत्राकडून आणला तरी माझी हरकत नसते. हे वाक्यही यंत्र लिहून देईल, असा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. म्हणून ते तोंडी विचारावं लागतं, आणि प्रश्नात थोडा फरक करून विचारावं लागतं. साठ मुलांच्या वर्गात हे वेळखाऊ आहे. पण छापील प्रश्नांची तीच ती तोंडी परीक्षा घ्यायला आपल्याकडे वेळ असतो, तर याला नाही म्हणता येणार नाही.

स्वाध्याय रचणाऱ्याला स्वतःच्या उत्तराचा गर्व असतो, मलाही आहे. मात्रांच्या प्रश्नात शेवटचं अक्षर धरायचं, ही माझी तोड मला बिनतोड वाटायची. पण ओळ मधोमधही तोडता येते. आठ मात्रांची ओळ चार-चारमध्ये तोडा: एखादा गुरू बरोबर तोडीवर आडवा पडला असेल तर दोन्हीकडे तीन-तीन मात्रा उरतात, नसेल तर चार-चार. पाच पंचे पंचवीस, तीन त्रिक नऊ, एकूण चौतीस, उत्तर तेच. आणि या तोडीने प्रश्न एकेकाने लहान होत नाही, निम्म्याने होतो, पिंगलाच्या घातासारखा. माझ्या तोडीपेक्षा ही तोड सरस आहे. सूत्र छापून दिलेल्या फिबोनाचीत असं सरस काही शोधायला विद्यार्थ्याला जागाच नसते, आणि रिकर्शनचा स्वाध्याय निवडताना मी आता सगळ्यात आधी ही जागा पाहते.