तुझे झिलकरी कुठं होते?

शिरड शहापूर,
सोमवार, रात्री

चि. चिमीस,


तुझे व्हिडिओ पाहिले. आधी चष्म्याशिवाय, मग चष्मा लावून, मग फोन पालथा ठेवून नुसते ऐकले. शनिवारी त्या गोदामातला कार्यक्रम, रविवारी दुपारी बागेत गोल करून आळीपाळीनं म्हणणं (सायफर ना त्याला?), आणि रात्री हॉटेलाच्या माडीवर तुझी पाळी. दोन दिवसांत तुम्ही पोरं जेवलात कधी, ते मात्र एकाही व्हिडिओत दिसलं नाही. खाली तुझा प्रश्न: "आत्या, तिसऱ्या कडव्याला दम संपतो. तू भजनात काय करायचीस?" एवढ्यावर थांबली असतीस तर चार ओळींत उत्तर धाडलं असतं. पण पुढं तू लिहिलंस, "तसं मला कुणाची गरज नाही, मी सोलो आहे." ते वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. फोन केला असता तर भांडण झालं असतं, म्हणून पत्र लिहायलेय. शांतपणे वाच. निदान माझ्यापेक्षा शांतपणे.

आधी दमाचं बघू. मी गणिताची मास्तरीण, हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. तूच शिकवलंस की एका कडव्याला १६ बार आणि एका बारला ४ ठोके. म्हणजे ६४ ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांचा ठेका धरला तर सगळं मिळून ४३ सेकंद. ४३ सेकंदांत धडधाकट पोरीचा दम संपायचं कारण नाही. तुझा संपतो, कारण तू ओळीत जागाच ठेवत नाहीस. आगगाडीच्या जनरल डब्यासारखे शब्द कोंबतेस, मग श्वासानं चढावं कुठून? वहीत जिथं श्वास घ्यायचा तिथं पेन्सिलीनं उभी रेघ मार. रेघेला जागा नसेल तर एक शब्द काढ. पहिल्याच ओळीतला "भयंकर" काढ, तो तसाही काही कामाचा नाही. श्वास घेताना तुझे खांदे कानाला लागतात. खांदे जागच्या जागी राहू देत, पोट पुढं आलं पाहिजे. आणि माईकचं डोकं मुठीत झाकायची ती फॅशन सोड. आवाज कोंडतो, वर माईक शिट्टी मारतो. सगळी पोरं तसंच धरतात म्हणून आपणही धरायचं, हे तुला शोभत नाही.

झालं उत्तर. आता माझं ऐक.

तुझा दम तुटला ती जागा मी थांबवून थांबवून पाहिली. रविवारच्या सायफरचा तो दुसऱ्या कुणीतरी बाजूनं घेतलेला व्हिडिओ आहे ना, त्यात तुझ्यासमोर चौघं दिसतात. लातूरची ती, चष्मेवाला अकोल्याचा, आणि दोघं मला नवीन. चौघांचेही हात वर आणि हातात फोन. तुझी ओळ अर्ध्यात तुटली, तू छातीवर हात ठेवलास, आणि त्या चौघांपैकी एकाचाही ओठ हलला नाही. अकोल्याचा तर तुझा चेहरा मोठा दिसावा म्हणून काचेवर दोन बोटं फाकवत होता! ओळ त्यांना येत नव्हती म्हणावं, तर तूच मागं सांगितलंस की रूमवर सगळ्यांना ती तोंडपाठ आहे. मग उचलली का नाही? तुझ्या दोस्तांना नावं ठेवायची मला हौस नाही. रात्रीच्या प्रवासात ती लातूरची पोरगी तुझ्यासोबत असते, याचं मला बरंच वाटतं. पण दोस्त नुसते बघायला आणायचे असतील तर तिकीट काढून अनोळखी माणसं येतातच की.

तुझा बाप, माझा दादा, म्हणेल, हिचं हे जुनंच खूळ. असू दे. माझं मत ठाम आहे: ओळ उचलणारं कुणी मागं नसेल तर पुढचा गाणारा अर्धाच. पोवाड्यात शाहीर चौक म्हणतो आणि झिलकरी "जी जी" करत शेवट उचलतात. लोकांना वाटतं ती शोभा आहे. शोभा कसली? शाहीर तेवढ्यात श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. कीर्तनात बुवा ध्रुपद सोडतात आणि टाळकरी धरतात, तेही त्याचसाठी. तू मला भजनाचं विचारलंस. आमच्या भजनात कुणा एकीला दम पुरतच नव्हता. पुरवायची गरजच नव्हती, कारण एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू व्हायचा.

तुझी आजी जात्यावर बसायची तेव्हा समोर शेजारीण लागायचीच. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओवीची ओळ सोडायची, दुसरीनं धरायची. ज्वारी दळायची, दाणे घालायचे, वर गायचं, आणि दम मात्र कुणाला लागत नव्हता. अशा ओव्या गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. त्या बायांपैकी एकीनं तरी सांगितलं असेल का, की मी सोलो आहे म्हणून?

तू म्हणशील, आत्या, हे जुनं झालं, आमचं अमेरिकेतून आलंय. बरं, तिकडचं घे. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. ही तारीख मला तूच पाठ करून घ्यायला लावलीस. डीजे कूल हर्कनं त्या दिवशी तबकड्या लावल्या आणि हिप हॉपचा जन्म झाला म्हणतात. पण तो कार्यक्रम ठेवला कुणी? त्याच्या बहिणीनं, सिंडीनं. शाळा सुरू होणार होती, नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिनं इमारतीतला हॉल घेतला आणि दारावर तिकीट लावलं: मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. आणि हर्क तबकड्या फिरवत असताना माईकवर कोण होता? त्याचा दोस्त कोक ला रॉक. म्हणजे पहिल्याच दिवशी एक तबकडीवर, एक माईकवर, एक दारावर. जग नाव घेतं हर्कचं. बहिणीचं कोण घेतं? हे मी उगीच लिहीत नाही. एका वर्षी गणपतीत दादा अर्ध्या पोवाड्यात अडला तेव्हा डफ कुणाच्या हातात होता आणि पुढची ओळ कुणी म्हटली, ते तुला चांगलं ठाऊक आहे.

आपल्याकडचंही बघ. १९४४ साली लाल बावटा कलापथक निघालं ते अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर अशा तिघांचं. तिघंही एकेकटे पुरून उरणारे, तरी एकत्र उभे राहिले. धारावीची ती सेव्हन बंटाईझची पोरं टोळीनंच येतात, आणि वेगवेगळ्या भाषांत म्हणतात. मुंबईच्या स्वदेशी टोळीचं 'द वारली रिव्होल्ट' तूच मला २०१९ साली ऐकवलंस. त्यात मराठी रॅप आहेच, पण आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर येतात तेव्हा गाण्याला जंगल लागतं. ते स्वदेशीच्या पोरांना शहरात बसून लिहिता आलं नसतं. आणि मुंबईच्या त्या वाइल्ड वाइल्ड विमेन? तुझ्या भिंतीवर त्यांचाच फोटो आहे ना? सगळ्या बायाच आहेत, आणि एकीची पाळी असते तेव्हा बाकीच्यांचे हात रिकामे नसतात, तोंडंही गप्प नसतात. फोटो लावतेस, तर त्यातलं एवढं तरी घे.

आता तुला औंढ्याच्या देवळाची गोष्ट सांगते. ऐकलेली आहेस, तरी ऐक. नामदेवांना देवळापुढं कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरलं. म्हणून नंदी मागच्या बाजूला आहे, असं आपण लहान पोरांना दाखवतो. सगळे त्या फिरलेल्या देवळाचं कौतुक करतात. मला त्या गोष्टीत टाळकरी दिसतात. बुवांना हाकललं तेव्हा त्यांना समोरच थांबता आलं असतं. जागा चांगली, सावली, पुजाऱ्याशी वाकडं नको. ते टाळ उचलून मागं गेले. देऊळ नंतर फिरलं. आपल्या नरसीच्या या माणसाच्या घरात आई, बायको, मुलं, सून आणि आपल्याच मुलखातली, गंगाखेडची जनी, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. अख्खं घरच ओळ उचलणारं. त्या बळावर तो पार पंजाबात घुमानपर्यंत गेला आणि त्याची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात बसली.

आणि तू त्याच नरसीच्या जिल्ह्याची. माईकवाल्यानं विचारलं "कुठून आलीस?" तर म्हणालीस "पुण्याहून". का गं? तुमच्यात तर ज्याचा त्याचा मोहल्ला छाती ठोकून सांगायची रीत आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर टीव्हीवर जाऊन वऱ्हाडी ठसक्यात म्हणतो, त्यानं त्याचं काही अडतं का? तुला शिरड शहापूर म्हणायला जड गेलं. मल्लिनाथाच्या दर्शनाला कुठून कुठून जैन यात्रेकरू गावाचं नाव विचारत येतात, आणि गावची पोर ते नाव गिळते. "करायलेय", "म्हणायलीस" हे तुझ्या तोंडात जन्मापासून आहे. ते ओळीत आलं की बघ, ठेक्यावर आपोआप बसतं. "करत आहे" ठेक्यावर बसत नाही, लंगडतं. पुढच्या वेळी आधी गावाचं नाव, मग स्वतःचं. हा हुकूम समज.

रागावले आहे असं समजू नकोस. खरं सांगू का, मला काळजी वाटते. तुझ्या नव्या गाण्यात त्या पुढाऱ्याचं थेट नाव आहे. मी भित्री नाही, आणि गाणं खोटंही नाही. पण २०२३ च्या एप्रिलात राजकारण्यांवरच्या गाण्यापायी संभाजीनगरकडच्या एका पोरावर पार अंबरनाथला गुन्हा नोंदवला, ते सगळ्या पेपरांत आलं होतं. अशा वेळी मागं माणसं लागतात. फोन वर धरणारी नव्हेत, ठाण्याच्या बाकावर रात्रभर बसणारी. वकिलाचा नंबर कुणाकडे आहे? जामिनाला कोण उभं राहील? तुझ्या चौघांना एकदा सहज विचार, चहा पिता पिता. उत्तर देताना कोण खाली बघतं ते ध्यानात ठेव. विचारून मगच गाणं बाहेर काढ. काढू नको असं मी म्हणत नाही, हे नीट वाच.

आणखी एक काळजी. स्वदेशीचा तो तोडफोड, धर्मेश परमार, २०२२ साली गेला. २४ वर्षांचा होता. तू त्या दिवशी फोनवर रडलीस आणि मला काय बोलावं ते सुचेना. तेव्हापासून तू रात्री जागलीस की मला तोच पोरगा आठवतो. तुझी आई विचारते, "पोरगी बारीक झाली का हो?" मी म्हणते, "कॅमेऱ्यात तसं दिसतं." असं किती दिवस म्हणू? दोन दिवस सलग कार्यक्रम, मधे वडापाव, वर जागरण, सोमवारी पुन्हा प्रॅक्टिकल. दम काय नुसता पोटानं श्वास घेऊन येतो? तो भाकरीनं येतो, झोपेनं येतो.

दादाला अजून काही माहीत नाही. त्याला वाटतं तू शनिवारी लायब्ररीत होतीस. मी खोटं बोललेली नाही. त्यानं मला विचारलंच नाही. पण विचारलं तर सांगेन. त्याआधी तू सांग. तो ओरडेल. मग गप्प बसेल. मग विचारेल की ठेका कोणता होता. त्याच्या प्रश्नाची तयारी ठेव. "बीट डाउनलोड केला" असं उत्तर दिलंस तर मात्र मी मधे पडणार नाही.

हळद निघाली की ये. यंदा शिजवणीला माणसं कमी आहेत, आणि बसमतला भाव काय निघतो त्यावर तुझ्या पुढच्या फीचं ठरायचंय, हेही तुला माहीत असलेलं बरं. चौघांना घेऊन ये. अंगणात झोपायला जागा आहे, भाकऱ्या मी टाकते. दिवसा हळद वाळत घालू लागा, रात्री पारावर म्हणा. एक अट: फोन एकाच्याच हातात. बाकीच्या तिघांनी ओळ उचलायची. कुणाला उचलता येत नसेल तर मी डफ काढून ठेवते, तो धरायला शिकवीन.

तुझी,
आत्या

ता. क. शनिवारपासून कानात शिट्टी वाजतेय, असं शेवटी सहज लिहून टाकलंस, जसं काही पायात काटा गेलाय. त्या गोदामातले आवाजाचे डबे छताला टेकले होते, मी पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. तिथं ती कुणी मोजली असेल असं मला वाटत नाही. कापसाचा बोळा चालत नाही. मेडिकलमध्ये कानात घालायची फोमची बुचं मिळतात, ती पाचही जणांसाठी घे. आणि शिट्टी गुरुवारपर्यंत थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा. पैसे पाठवते. लातूरचीला सोबत ने, एकटी जाऊ नकोस.