समोरचं नाव आणि मागची बारीक ओळ



एरवी मी इथे चातुर्मासातला स्वयंपाक, घरातली आवराआवर, मुलांचे संस्कार असं काहीबाही लिहिते. आजचा विषय ऐकून हसाल, पण तो आहे कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाचा. आपल्या मुली आता आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन, इंटिरियरला जाऊ लागल्यात, तेव्हा आज ना उद्या हा खर्च तुमच्याही दारात येणार. शिवाय या कार्डाच्या नावापायी मी माझ्याच लेकीवर अन्याय केला. तोही सांगायचा आहे.

धाकटीला २०२२ साली पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. कॉलेजने सांगितलं, चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घ्या. आमच्या ह्यांनी चार-पाच व्हिडिओ पाहिले, 'आरटीएक्स ३०५०' हे नाव कागदावर लिहून घेतलं आणि आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "वहिनी, ३०५० आहे, अगदी नवीन." कागदावर तेच, लॅपटॉपवरच्या स्टिकरवर तेच. वर्षभर बाजूला टाकलेली रक्कम मोजून दिली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी तिला इमारतीची थ्रीडी चित्रं काढायची होती, त्याला ती रेंडर म्हणते. सबमिशनच्या आठवड्यात आमचं संध्याकाळचं जेवण आटोपलं आणि तिचा रडवेला फोन आला. "आई, मेमरी कमी पडतेय म्हणून सारखं बंद पडतंय. मैत्रिणीकडेही ३०५० आहे, तिचं होतंय." मी काय म्हणाले असेन? "तिचं होतं आणि तुझं होत नाही, म्हणजे तूच शेवटपर्यंत काम लांबवलंस. एवढे पैसे घातलेत, आता मशीनला दोष देऊ नकोस." ती गप्प बसली. त्या सबमिशनला तिला गुण कमी पडले. पुढे तिने तो विषय काढला नाही, मीही नाही.

यंदा तिने सांगितलं की चौथ्या वर्षाला लॅपटॉप पुरणार नाही, मोठा कॉम्प्युटर जोडून घ्यावा लागेल. या वेळी मी ठरवलं, पैसे मी देणार तर काय घेतोय तेही मी समजून घेणार. सुट्टीत तिला शेजारी बसवलं, वही-पेन घेतलं आणि म्हटलं, "शिकव."

एनव्हिडिया कंपनीच्या कार्डात पहिले दोन आकडे पिढीचे. २०, ३०, ४०, ५० अशा पिढ्या. शेवटचे दोन आकडे घरातल्या मानाचे. ५० म्हणजे सगळ्यात धाकटी जाऊ, मग ६०, ७०, ८० आणि ९० म्हणजे थोरल्या जाऊबाई. त्यामुळे अख्खा आकडा मोठा म्हणजे कार्ड सरस, असं नाही. ३०५० ही नव्या पिढीची धाकटी, पण आधीच्या पिढीची २०६० तिच्यापेक्षा वेगवान. ३०७० सुद्धा नंतर आलेल्या ४०६० च्या पुढे जाते.

मग येतात शेपट्या. टीआय आणि सुपर. मला वाटलं सुपर म्हणजे सगळ्यात वर. नाही! ४०७० च्या वर ४०७० सुपर, तिच्या वर ४०७० टीआय आणि त्याही वर ४०७० टीआय सुपर. एवढी नावं तर आमच्या भावकीतही नाहीत.

दुसरी कंपनी एएमडी. त्यांचा पहिला आकडा पिढीचा, दुसरा मानाचा, म्हणजे ७६०० पेक्षा ७८०० वरचढ. नीट लक्षात येतंय तोवर २०२५ साली त्यांनी पद्धतच बदलली. डेस्कटॉपच्या कार्डात ८००० ची पिढी वगळून थेट ९०७० आणि ९०६० आणली. आता मान तिसऱ्या आकड्यावरून ओळखायचा.

"हे आधीपासूनच असंच आहे का गं?" मी विचारलं. तेव्हा तिने २००८ सालचं सांगितलं. एनव्हिडियाच्या ९८०० मालिकेनंतर आलेल्या नव्या, जास्त ताकदीच्या कार्डाचं नाव होतं २८०. आकडा खाली, ताकद वर. त्याच सुमारास ८८०० जीटी हे कार्ड जवळपास जसंच्या तसं ९८०० जीटी नावाने बाजारात आलं. डबा नवा, डाळ तीच. २०२२ मध्ये तर एनव्हिडियाने ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, एक १६ जीबीचं आणि एक १२ जीबीचं. फरक नुसत्या मेमरीचा नव्हता, आतली चिपच वेगळी होती. लोकांनी एवढा गोंधळ घातला की १२ जीबीचं कार्ड त्यांनी मागे घेतलं. तेच जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय नावाने आलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मैत्रिणींनो, हे तर आपण रोज करतो! भाचीने दुबईहून चॉकलेटं आणली की पाकिटावरचं सुंदर नाव आपण वाचतच नाही, आधी पाकीट उलटं करतो. जिलेटिन आहे का? १२० क्रमांकाचा रंग आहे का, जो किड्यांपासून काढतात? ४७१ असेल तर तो वनस्पतीचा की प्राण्याच्या चरबीचा? एकाच नावाच्या बिस्किटात एका देशात एक घटक, दुसऱ्या देशात दुसरा, हे आपल्याला पाठ आहे. मग पोटच्या पोरीसाठी एवढी रक्कम मोजताना मी नुसतं पुढचं नाव का वाचलं?

मग आम्ही त्या जुन्या लॅपटॉपची मागची ओळ वाचली. ह्यांनी व्हिडिओत पाहिलेलं ३०५० हे डेस्कटॉपचं कार्ड होतं, ८ जीबी मेमरीचं. लॅपटॉपमधलं ३०५०, नाव तेच, पण मेमरी ४ जीबी. शिवाय लॅपटॉपच्या ३०५० ला ३५ पासून ८० वॅटपर्यंत कितीही वीज देण्याची कंपनीला मुभा असते. आमचा सडपातळ लॅपटॉप खालच्या टोकाचा, मैत्रिणीचा जाडजूड वरच्या टोकाचा. चित्रात झाडं, फर्निचर, काचा वाढल्या की ती ४ जीबी भरून जायची आणि काम बंद पडायचं. मैत्रिणीने आपलं चित्र हलकं ठेवलं होतं, म्हणून तिचं निभावलं. माझी लेक आळशी नव्हती.

मी वही मिटली आणि तिला म्हटलं, "त्या रात्री मी तुला फार बोलले. चुकलं माझं. क्षमा कर." क्षमावाणीला आपण सगळ्या गावाशी हात जोडतो, पण घरातल्या माणसाला नेमक्या चुकीचं नाव घेऊन क्षमा मागणं किती जड जातं, ते मला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "आई, राहू दे गं. मला तरी तेव्हा कुठे कळत होतं?" आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

या वेळी दुकानात मी स्वतः बोलले. दुकानदाराने कोटेशनवर नुसतं '५०६० टीआय' लिहिलं होतं. मी विचारलं, "८ जीबी की १६ जीबी?" तो जरा चपापला. या नावाची दोन्ही कार्डं मिळतात, चिप एकच, मेमरी दुप्पट. त्याने ८ चा भाव लावला होता. आम्ही थोडे जास्त देऊन १६ चं घेतलं आणि बिलावर '१६ जीबी' लिहून घेतलं.

तुमच्याकडे अशी खरेदी निघाली तर चार गोष्टी विचारा. पिढी कोणती? पायरी कोणती? कार्डाची स्वतःची मेमरी किती? लॅपटॉप असेल तर कार्डाला वॅट किती? उत्तरं बिलावर लिहून घ्या. आणि मूल "होत नाहीये" म्हणालं तर रागवण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा.