मनगटाचं मडकं

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. थापटण्यानं संतांची डोकी ठोकून त्यांनी नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. तेव्हापासून पारख करणं हा गावाचा धर्मच! बँकेच्या पायरीवर घसरून मी उजवा हात, म्हणजे माझा सहीचा हात, टेकला मात्र. रांगेतल्या प्रत्येकानं मनगट दाबून पाहिलं. "बोटं हलतात ना साहेब? मग हाड शाबूत!" ठराव एकमतानं पास. एकजण चोळायला तेलही घेऊन आला.

डॉक्टरांनी तेल परत पाठवलं. म्हणाले, "मनगटाचं हाड मोडलं तरी बोटं हलतात. सूज चढण्याआधी घड्याळ-अंगठी काढायची. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, क्रेप बँडेज, हात उंच. चोळणं बंद. अंगठ्याच्या मुळाशी हा खळगा आहे ना, तिथं दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे हवाच. इथल्या इवल्या हाडाची चीर कधी पहिल्या फोटोत दिसत नाही. हात बांधून ठेवायचा, १०-१४ दिवसांनी पुन्हा फोटो. दुर्लक्ष केलं तर कधीकधी हाड जुळतच नाही."

पूर्वीच्या चेकसारखं क्लिअरिंगला वेळ घेणारं हाड!

दुसरा फोटो स्वच्छ आला. गाव म्हणालं, "आम्ही तेव्हाच सांगितलं होतं!"